फ्रिजवाल्याचा आवाज

त्या गल्लीत त्याला सगळे फ्रिजवालाच म्हणायचे. तो फ्रिज विकत नव्हता, दुरुस्त करायचा. पण एवढा फरक करत बसायला लोकांना वेळ कुठे असतो? गल्लीच्या तोंडाशी दुमजली घर, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. दुकानात पाऊल टाकलं की आधी वास यायचा, तापलेल्या तांब्याचा, तेलाचा आणि बंद पडलेल्या फ्रिजमधे राहून गेलेल्या शिळ्या अन्नाचा. भिंतीला टेकून फ्रिज उभे असायचे, कुणाचं दार काढलेलं, कुणाची पाठ उघडी. मधे एक बैठं स्टूल आणि त्यावर हा, उंच, हाडापेरानं मजबूत आणि बोलायला कमी. तांब्याच्या नळीचा सांधा जोडायला डाग देताना त्याचा हात इतका स्थिर असायचा की बघणाराच श्वास रोखून धरायचा. गॅस कुठून गळतोय ते शोधायला नळीला साबणाचा फेस लावून तो बुडबुड्याची वाट बघत बसे. अर्धी सकाळ गेली तरी कपाळावर आठी नाही.

यंत्रापुढे एवढा धीर असलेल्या या माणसाकडे पोटच्या पोरीसाठी मात्र चिमूटभरही धीर नव्हता.

पोरीला सगळे भिंगरी म्हणत, कारण पाय फुटल्यापासून ती एका जागी ठरली म्हणून नाही. जिन्यावरून गडगडत खाली यायची, दोन फ्रिजांच्या फटीतून सुळकन निघायची, आणि नाहीच काही सुचलं तर दुकानाच्या मधोमध हात पसरून स्वतःभोवतीच गरगरा फिरायची. एकदा अशीच फिरता फिरता तिचा हात गॅस मोजायच्या घड्याळाला लागला. घड्याळ फरशीवर आपटलं, काच फुटली, आणि फ्रिजवाल्याच्या तोंडून एक आवाज निघाला.

तो आवाज त्याचा नव्हता, त्याच्या बापाचा होता. बाप ट्रकवर ड्रायव्हर होता. त्याच्या चपलांची फटफट जिन्यात आली की घरातली सगळी भावंडं जागच्या जागी थिजायची. पट्टा खुंटीला असायचा, आणि तो खुंटीवर आहे की बापाच्या हातात, एवढ्यावर त्या घराची संध्याकाळ ठरायची. फ्रिजवाल्यानं लग्नाआधीच मनाशी गाठ मारली होती, की आपण आपल्या पोरावर कधी हात उचलायचा नाही. तो शब्द त्यानं पाळला. पट्टा त्यानं बापाच्याच घरी सोडला, पण आवाज त्याच्या गळ्यातून त्याच्या घरी आला. तो आलाय हे त्या दिवसापर्यंत त्यालाही ठाऊक नव्हतं.

भिंगरी फिरता फिरता थांबली. एक पाय अर्धवट उचललेला, हात तसेच पसरलेले. डोळ्यांची पापणीही हलेना.

आणि खरं सांगायचं तर फ्रिजवाल्याला बरं वाटलं. इतके दिवस विनवण्या करून जे झालं नव्हतं ते एका हाकेत झालं. अंगाला हात लावला नाही, चापट नाही की चिमटा नाही. हेच औषध, त्याला वाटलं.

मग ते औषध रोजचं झालं. दूध सांडलं की आवाज, जिन्यात पळाली की आवाज. पुढे पुढे आवाजाचीही गरज पडेना, नुसती मान वळवून बघितलं तरी पुरायचं. चार वर्षांची होईतो पोर अशी झाली की पाहुण्यांनी तोंडात बोट घालावं. पाटावर बसवली की उठवेपर्यंत बसून राहायची. शेजारची शिंपीणबाई म्हणायची, "काय हो, ही आपली भिंगरीच का? आमची दोन वानरं पाठवते चार दिवस तुमच्याकडे. येताना माणसं होऊन येतील." फ्रिजवाला वर न बघता हसायचा. त्याच्या दुकानाचं कुणी कौतुक केलं तर त्याला फारसं काही वाटत नसे, पण या वाक्यानं त्याची छाती फुगायची.

त्याच्या बायकोला मात्र काही गोष्टी माहीत होत्या. तो सामान आणायला बाजारात गेला की पोर गादीचा कोपरा दातात धरून ओढायची. बाहुलीचे केस मुळासकट उपटायची, भिंतीवर दोन्ही मुठी मारत राहायची, आणि खाली दुकानाचं शटर वाजलं की क्षणात शांत होऊन कोपऱ्यात बसायची. आईनं हे नवऱ्याला कधी सांगितलं नाही. उलट पोर आवरेनाशी झाली की तीच म्हणायची, "बाबा आले हं!" तेवढ्यानं काम व्हायचं. का सांगितलं नाही, असं कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, कशाला उगीच त्यांच्या डोक्याला ताप. खरं कारण असं होतं की त्या आवाजाला तीही घाबरायची. फक्त हे तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

ऐन उन्हाळ्यातली गोष्ट. फ्रिजवाल्याचे हातघाईचे दिवस. बालवाडीतून निरोप आला, मुलीच्या वडिलांनी येऊन भेटावं.

बालवाडीच्या बाई पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या. त्यांनी फ्रिजवाल्याला बसायला पोरांचीच खुर्ची दिली. त्याचे गुडघे छातीला टेकले. बाई स्वतः तसल्याच खुर्चीवर समोर बसल्या.

"तुमची मुलगी चावते," बाई म्हणाल्या.

"माझी? दुसरी कुणी असेल, बाई."

"तुमचीच. माझ्यासमोर नाही चावत. माझी पाठ वळली की चावते. आज एका मुलाच्या दंडाला असे दात लावलेत की रक्त आलं. त्याची आई आत्ताच रडून गेली. घरी कशी असते ही?"

"घरी? घरी बाहुलीसारखी असते. कुणालाही विचारा."

"तेच मला विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "चार वर्षांची पोर बाहुलीसारखी का असते?"

फ्रिजवाल्यानं खुर्ची थोडी मागे ओढली. बाईंनी विचारलं, "तुम्ही रागवता का तिला?"

"मी हात लावत नाही. आजवर एक चापट मारलेली नाही."

"हाताचं नाही विचारलं मी."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर बाई होत्या, वयानं मोठ्या. तो उठला. दारात भिंगरी उभी होती, दप्तर पोटाशी धरून. तिनं सगळं ऐकलं होतं. त्यानं तिचा हात धरला आणि चालायला लागला. गल्लीच्या वळणावर फक्त एवढंच म्हणाला, "घरी चल. मग बघतो." पोरीचा तळवा त्याच्या मुठीत घामानं भिजून गेला होता, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. बाईंसमोरच्या त्या इवल्या खुर्चीची त्याला अजून लाज वाटत होती.

दुकानापुढे टेम्पो उभा. आइस्क्रीमवाला आपला आडवा मोठा फ्रीजर घेऊन आला होता, आणि माल वितळतोय म्हणून त्याचा जीव वर-खाली होत होता. फ्रिजवाल्यानं पोरीचा हात सोडला. "वर जा. मी येतो," म्हणाला आणि फ्रीजर उतरवायला लागला. उतरवला, भिंतीशी लावला, पाठ उघडून बघितली, दोन दिवस लागतील म्हणून सांगितलं. आइस्क्रीमवाल्यानं हुज्जत घातली, मग तो गेला. फ्रिजवाल्यानं हात धुतले. रागाची वाफ तेवढ्यात थोडी कमी झाली होती, पण पुरती निवली नव्हती. पायऱ्या चढत तो वर गेला.

"कुठाय ती?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "कोण? तुमच्याबरोबरच येणार होती ना?"

"वर पाठवली मघाच."

"वर नाही आली."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी न्हाणीघर, मग पलंगाखाली, मग गच्ची. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण बंद होतं, तरी त्यानं ते उचलून आत पाहिलं. पाण्यात स्वतःचंच तोंड दिसलं. ते त्याला ओळखू येईना. खाली उतरून तो रस्त्यावर धावला. "भिंगरे! ए भिंगरे!" शिंपीणबाई मशीन सोडून बाहेर आली. तिची ती दोन वानरं कोपऱ्यापर्यंत पळत जाऊन आली. कुणी म्हणे टेम्पोमागे गेली असेल, कुणी म्हणे मोठ्या रस्त्याला बघा, तिथे गाड्या फार. प्रत्येक जण चांगल्या मनानं बोलत होता, आणि प्रत्येकाच्या बोलण्यानं फ्रिजवाल्याच्या डोळ्यांपुढे एक नवं भयंकर चित्र उभं राहत होतं. मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन तो परतला, घामानं निथळत. आणि दुकानाच्या उंबऱ्यावर त्याचे पाय एकाएकी थांबले.

फ्रीजर.

हा धंदा त्याला ज्या उस्तादानं शिकवला त्याचा पहिला धडा हाच होता, की भंगारात निघालेल्या फ्रिजचं दार आधी काढायचं आणि मग चहा प्यायचा. पोरं आत लपतात, दार लागतं, आतून उघडत नाही. उस्तादानं एकदा एका घरचा प्रसंग अर्धाच सांगितला होता आणि पुढे बोलता न येऊन बाहेर निघून गेला होता. फ्रिजवाल्याच्या दुकानात दार असलेला भंगार फ्रिज कधी कुणाला दिसला नाही. पण हा फ्रीजर भंगार नव्हता. आत्ताच आलेला, पेटीसारखा आडवा, वर जड झाकण आणि झाकणाला आपोआप बसणारी कडी.

कडी बसलेली होती.

तिथून फ्रीजरपर्यंत जेमतेम चार हात अंतर असेल. ते तो कसा चालून गेला हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. नळीला डाग देताना तसूभर न हलणारा हात आता असा थरथरत होता की कडी सापडेना. सापडली. झाकण उचललं.

आत काही नव्हतं. तळाशी वितळलेल्या आइस्क्रीमचं गुलाबी पाणी, तेवढंच.

फ्रीजरच्या काठाला धरून तो उभा राहिला आणि सगळं बळ एकवटून पुन्हा ओरडला. "भिंगरे! कुठं आहेस? बाहेर ये! आधी बाहेर ये म्हणतो ना!"

"ओरडू नका."

दारात बायको होती. रडून तिचा चेहरा सुजला होता, पण आवाज कोरडा होता. लग्न झाल्यापासून त्या आवाजात ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती.

"अगं, मी शोधतोय तिला!"

"ते तिला कसं कळणार? तुमचा शोधायचा आवाज आणि रागवायचा आवाज एकच आहे."

त्यानं फ्रीजरचं झाकण हळूच खाली ठेवलं.

"ती इथं जवळ कुठं असली तरी या आवाजानं बाहेर येणार नाही," बायको म्हणाली. "मी आले नसते."

एवढं बोलून ती वळली आणि दारात जमलेल्या माणसांना म्हणाली, "तुम्ही जरा मोठ्या रस्त्याकडे बघता का? इथं गर्दी नको." माणसं पांगली. तिनं शटर अर्धं खाली ओढलं आणि पायरीवर पदराचा बोळा तोंडात धरून बसली.

दुकानात शांतता झाली. एका चालू फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. फ्रिजवाला स्टुलावर टेकला. फार वर्षांनी त्याला बापाच्या घरातला माळा आठवला. तो सात-आठ वर्षांचा असेल, हातून आरसा फुटला होता, आणि तो माळ्यावरच्या गाद्यांमागे जाऊन बसला होता. खाली बाप हाका मारत फिरत होता. कोण जाणे, बापालाही तेव्हा काळजी वाटत असेल. पण वर पोचत होता तो नुसता आवाज. हुंदका फुटू नये म्हणून त्यानं स्वतःच्याच मनगटाला दात लावले होते. किती जोरात लावले होते, हे आठवलं तसा तो चरकला. चावायला भिंगरी कुठून शिकली, असा प्रश्न त्यानं आता कुणाला विचारला नसता.

खाली मान घालून बसला असताना त्याला फरशीवर डाग दिसला. कोपऱ्यात फ्रिजचं एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं उपडं पडलेलं असायचं, त्याखाली तो फ्रिजच्या पाठीचे जुने पत्रे झाकून ठेवायचा. खोक्याच्या कडेखालून काहीतरी काळपट ओघळलं होतं. कॉम्प्रेसरचं तेल सांडलं असेल, असं सवयीनं त्याच्या मनात आलं. मग ओघळ थोडा पुढे सरकला, शटरखालून येणाऱ्या उन्हात आला, आणि लाल झाला.

झडप घालून खोकं उचलावं असं त्याच्या अंगाअंगात आलं होतं. पण तो उठला नाही. आपण झडप घातली तर आत काय होईल, हे माळ्यावर बसलेल्या पोराला चांगलं माहीत होतं. तो स्टुलावरून खाली सरकला, फरशीवर बसला. हळू कसं बोलायचं हेच त्याला आठवेना. आवाज आधी फाटका निघाला, मग कुजबुजीसारखा.

"भिंगरे. आत आहेस का?"

काही नाही.

"हो म्हणालीस तरी चालेल. नाही म्हणालीस तरी चालेल."

फेसातल्या बुडबुड्याची बघायचा तशी तो वाट बघत बसला. मग खोक्याच्या आतून अगदी बारीक आवाज आला, "नाही."

पायरीवरच्या आईनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"बरं," फ्रिजवाला म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला हात उचलायचीही त्याला भीती वाटत होती. "नाही तर नाही. मी इथं खाली बसलोय. मी रागावलेलो नाही. मघाशी होतो. आता नाही." आणि मग तो म्हणाला, "मी पण लपलो होतो एकदा. माळ्यावर. मला फार भीती वाटली होती."

खोकं हललं. कड थोडी वर झाली आणि खालून आधी एक हात आला. तळव्यावर आडवी खोल जखम, पत्र्याच्या धारेनं कापलेली, आणि रक्त कोपरापर्यंत ओघळलेलं. कधी कापलं असेल? तो पहिल्यांदा हाक मारत रस्त्यावर धावला तेव्हा? की शेजाऱ्यांच्या घोळक्यात बायको रडत होती तेव्हा? तो या खोक्याशेजारून दोनदा गेला होता. एकदा त्याचा पायही खोक्याला लागला होता. एवढा वेळ ती पोर फाटलेला हात घेऊन अंधारात बसली होती आणि तिनं साधं 'आई गं' म्हटलं नव्हतं.

मग तोंड बाहेर आलं. पांढरंफटक. तिनं आधी बापाच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं, आणि कुणीतरी शाबासकी देईल अशा आशेनं म्हणाली,

"बाबा, मी आवाज नाही केला."

दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले. सुई टोचली तेव्हा पोर भिंतीकडे बघत राहिली, ओठ घट्ट मिटून. डॉक्टर तरुण होते, खूश झाले. "वा! इतकी शहाणी मुलगी मी पाहिली नाही. मोठी माणसंसुद्धा ओरडतात." गेली दोन वर्षं फ्रिजवाला असलं वाक्य ऐकून फुशारत आला होता. आता ते त्याला ऐकवेना. तो पोरीच्या कानाशी वाकला. "दुखतंय ना? रड. रडलीस तर कुणी काही म्हणणार नाही." तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे पाहिलं. हे खरं आहे की यातही काही खोच आहे, असा हिशेब त्या नजरेत होता. ती रडली नाही. त्या दिवशी नाहीच रडली.

पोर सापडली म्हणजे भीती संपली असं गल्लीला वाटलं. फ्रिजवाल्याची तिथून सुरू झाली. याआधी त्याला जे कधी दिसलं नव्हतं ते आता पावलोपावली दिसायला लागलं. त्याला मोठ्यांदा शिंक आली की पोरीच्या हातातला पेला सुटायचा आणि ती दोन्ही हात अंगालगत घेऊन ताठ उभी राहायची. तो जिना चढताना घरातलं हसणं मधेच तुटायचं. बायकोचंसुद्धा. एके दिवशी तो मुद्दाम पायरीवर थांबला आणि आतली ती शांतता ऐकत राहिला. लहानपणी हीच शांतता त्यानं आतून ऐकली होती.

जखम भरत आल्यावर तो आपणहून बालवाडीत गेला आणि न सांगता त्या छोट्या खुर्चीवर बसला. सगळं सांगितलं, खोक्यासकट. बाईंनी चष्मा काढला, पुसला.

"लहान पोराला स्वतःचा राग एकट्यानं नाही आवरता येत," त्या म्हणाल्या. "तिला राग आला की कुणी मोठ्यानं जवळ राहून तो निवेपर्यंत थांबायचं असतं. असं पुष्कळदा झालं की मग हळूहळू तिचं तिला जमायला लागतं. तुमच्या पोरीनं राग आवरलेला नाही. तिनं तो नुसता लपवलाय."

"आणि मोठ्यालाच आवरता येत नसेल तर?"

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग अवघड आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी खोटा धीर दिला नाही, हे त्याला कुठेतरी बरं वाटलं. निघताना बाईंनी तीन-चार साध्या गोष्टी सांगितल्या. लांबून ओरडायचं नाही, जवळ जाऊन, खाली बसून बोलायचं. 'हे करू नको' एवढंच न म्हणता काय करायचं ते सांगायचं. आणि तुमचाच पारा चढला तर तसं तोंडानं सांगून बाहेर जायचं, पण परत यायचं. "परत यायचं हे विसरू नका. मुलांना तेच लक्षात राहतं."

हे सगळं ऐकायला सोपं होतं. करायला गेल्यावर घरात आगडोंब उसळला. पोरीला जसजसं कळलं की आता आवाज येत नाही, तसतशी ती बिथरायला लागली. जणू इतक्या दिवसांचं दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. भाताचं ताट भिरकावलं. आईला बोचकारलं. दुकानातली नवी तांब्याची नळी वाकवून वाकवून तिचा पार चुथडा केला. शिंपीणबाई म्हणाली, "चांगली गुणी पोर होती हो. कुणाची नजर लागली?" बायको रात्रंदिवस घाबरलेली, आता हे कुठं जाऊन थांबणार? आणि फ्रिजवाला? तो मेलेला आवाज त्याच्या गळ्यात रोज जिवंत व्हायचा. त्याला ठाऊक होतं की एकच हाक पुरेशी आहे. एका हाकेत घर पुन्हा शांत होईल, नळ्या सरळ राहतील, गल्ली कौतुक करेल. ती हाक गिळताना कपाळाच्या शिरा फुगायच्या. "मला राग आलाय. मी खाली जाऊन येतो," असं तो दात आवळून म्हणायचा आणि मागच्या नळाखाली डोकं धरायचा. परत जिना चढताना पाय जड व्हायचे. पण चढायचा.

दोनदा तो चुकला. दुसऱ्यांदा तर असा ओरडला की पोरगी जागीच ओली झाली. त्या दिवशी त्यानं दुकान उघडलं नाही. तिचे कपडे स्वतः बदलले, फरशी पुसली, आणि तिच्यापुढे बसून म्हणाला, "चूक माझी होती. तुझी नाही." ती टाक्यांच्या वणावरून बोट फिरवत राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याचे वडील भेटायला आले. म्हातारे झाले होते, दम लागायचा, जिन्यात दोनदा थांबले. पण घरात शिरले आणि फ्रिजवाल्याची पाठ आपोआप ताठ झाली. जेवणं चालली होती. भिंगरीला आपलीच वाटी हवी होती आणि ती आजोबांच्या पानात गेली होती. तिनं पाय आपटले, मग किंचाळली.

"गप्प!" म्हातारा गरजला.

दम लागणाऱ्या त्या छातीत एवढा आवाज शिल्लक असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. सुनेच्या हातातला डाव खाली पडला. फ्रिजवाल्याचा घास तोंडाशी थांबला; चौतीस वर्षांचा बाप्या, पण क्षणात पुन्हा माळ्यावरचा पोर. पोर थिजली होती. मात्र ती आजोबांकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती.

"अप्पा," फ्रिजवाला म्हणाला. त्यानं घास ताटात ठेवला. "तिच्यावर ओरडू नका."

"काय म्हणालास?"

"ओरडू नका म्हटलं. तिला राग आलाय. जाईल."

"मला शिकवतोस? बापाला?"

"नाही. सांगतोय."

म्हाताऱ्यानं बराच वेळ त्याच्याकडे रोखून पाहिलं. फ्रिजवाल्याची नजर लहानपणी सवयीनं जिकडे जायची तिकडेच आता गेली, भिंतीवरच्या खुंटीकडे. खुंटीला बायकोची पिशवी अडकवलेली होती. शेवटी म्हाताऱ्यानं वाटी पोरीच्या बाजूला सरकवली आणि मुकाट्यानं जेवला. निघताना जिन्याच्या कठड्याला धरून एवढंच म्हणाला, "तुम्हा पोरांना मी कधी उपाशी ठेवलं नाही."

"नाही ठेवलंत," फ्रिजवाला म्हणाला.

फ्रिजवाला त्यांच्याबरोबर खाली उतरला, आणि ते दोघं बसथांब्यापर्यंत शेजारी-शेजारी चालत गेले.

भिंगरी आता पहिलीत आहे. चावणं थांबायला वर्ष गेलं, आणि ते थांबलं ते कुठल्या एका दिवशी नाही. मधे सुटायचं, पुन्हा व्हायचं. राग आला की अजून तिच्या मुठी वळतात. कधी कधी ती मुठी वळलेल्या तशाच घेऊन दुकानात येते आणि बापाच्या पाठीला पाठ टेकून बसते, तो डाग देत असला तर संपेपर्यंत वाट बघते. घरात आवाज फार असतो. शिंपीणबाईनं आता आपली वानरं पाठवायची गोष्ट काढणं सोडून दिलंय.

परवा संध्याकाळी त्यानं तिला खेळ थांबवून वर यायला सांगितलं. तिला यायचं नव्हतं. ती दुकानाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली, गाल लालबुंद, आणि भर रस्त्यात बापावर ओरडली, "बाबा, तू गप्प बस! मला तुझा खूप राग आलाय!"

जन्मात तिनं त्याला कधी 'अरे-तुरे' केलं नव्हतं. वरच्या खिडकीत बायकोनं गज घट्ट धरला. फ्रिजवाल्याच्या गळ्याशी तो जुना आवाज आला, तिथंच थांबला. पोर मात्र मागे सरली नाही. ती तशीच उभी होती, त्याच्या अगदी हाताशी, आणि आता हा काय म्हणतो याची वाट बघत होती.

"बरं," फ्रिजवाला म्हणाला आणि स्टूल ओढून तिच्यासमोर खाली बसला. "सांग, कशाचा आला?"